पोटावरचे जुने टाके आणि नळीतला गर्भ

"मॅडम, हिची दोन सिझर झालीत, त्यात फॅमिली प्लॅनिंगचं ऑपरेशनही झालंय. मग आता दुर्बिणीतून होईल का, की पोट उघडावंच लागेल?" गर्भनलिकेत गर्भ राहिल्याचे निदान झाले की हा प्रश्न रुग्णाचा नवरा विचारतो, सासू विचारते आणि पुष्कळदा रुग्णाला आमच्याकडे पाठवणारे डॉक्टरही फोनवर हळूच विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण आधीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटाच्या आत काय कशाला चिकटले आहे हे बाहेरून कोणालाच नक्की सांगता येत नाही. पण या प्रश्नामागे एक समजूत दडलेली असते. पोटावर जुना टाका असला की दुर्बिणीचा मार्ग बंद झाला, ही ती समजूत. ती मला मान्य नाही. जुन्या शस्त्रक्रियेमुळे पोटात शिरण्याची जागा बदलते, पद्धत बदलते आणि आत गेल्यावर हाताचा वेग बदलतो. पण पोट उघडायचे की नाही हे ठरवतात ते रुग्णाची नाडी, तिचा रक्तदाब आणि त्या वेळी शस्त्रक्रियागृहात हजर असलेली माणसे व साधने.

गर्भ गर्भपिशवीत न रुजता अन्यत्र रुजतो, त्याला आपण अस्थानिक गर्भधारणा म्हणतो. शंभर गर्भधारणांमध्ये साधारण एक ते दोन अशा असतात आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक गर्भनलिकेतच असतात. त्यातही बहुतेक नळीच्या बाहेरच्या, रुंद भागात. नळीची भिंत पातळ असते, तिला गर्भपिशवीसारखे ताणले जाणे जमत नाही. त्यामुळे गर्भ वाढू लागला की नळीतून रक्त पोटात झिरपू लागते किंवा नळी फुटते, आणि मग तासाभराचा उशीरही जिवावर बेततो. पाळी चुकणे, अंगावरून थोडे थोडे जाणे आणि ओटीपोटात एका बाजूला दुखणे ही पुस्तकातली तीन लक्षणे सगळ्यांनाच माहीत असतात, पण तिन्ही एकत्र दिसतीलच असे नाही. खांद्याच्या टोकाला दुखणे हे चौथे लक्षण तर रुग्ण आपणहून सांगतच नाही, कारण पोटाच्या आजाराचा खांद्याशी काही संबंध असेल असे तिला वाटतच नाही. पोटात साठलेले रक्त छातीच्या पडद्याला टोचते आणि त्या पडद्याची नस मानेतून येत असल्यामुळे दुखणे खांद्यावर जाणवते. आपण विचारले, तरच हे कळते.

आधीच्या शस्त्रक्रियांचा या आजाराशी दुहेरी संबंध आहे, आणि तीच या विषयाची खरी गुंतागुंत आहे. ज्या कारणांनी पोटात चिकटपणा तयार होतो, त्यांपैकी बरीच कारणे नळीलाही खराब करतात. फुटलेल्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया, नळीवर किंवा बीजकोशावर झालेली शस्त्रक्रिया, पूर्वी एका नळीत राहिलेला गर्भ, ओटीपोटातला जंतुसंसर्ग आणि आपल्याकडे अजूनही विसरून चालणार नाही असा जननमार्गाचा क्षय, यांपैकी काहीही झाले तरी नळीच्या आतली नाजूक रोमावली बिघडते आणि फलित बीज पिशवीपर्यंत पोहोचायच्या आधीच अडकते. म्हणजे ज्या स्त्रीच्या पोटात शिरणे अवघड, तिलाच हा आजार होण्याची शक्यता अधिक. सिझरचा नळीतल्या गर्भाशी असलेला संबंध तितका पक्का नाही, पण २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली २१.५ टक्के बाळंतपणे सिझरने झाली होती. त्यामुळे नळीतल्या गर्भासाठी येणाऱ्या स्त्रियांमध्ये सिझरचा टाका असलेल्या पुष्कळ असणार, हे ओघानेच आले.

कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली असते आणि ती झाली की दिवस जाण्याचा विचारच घरातून हद्दपार होतो. अमेरिकेत १०,६८५ स्त्रियांचा नसबंदीनंतर अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला, तेव्हा त्यांपैकी १४३ जणींना दिवस गेले आणि त्या १४३ पैकी ४७ गर्भ अस्थानिक होते. म्हणजे शस्त्रक्रिया अयशस्वी होणे दुर्मीळ असले, तरी ती अयशस्वी झाल्यास तिघींपैकी एकीचा गर्भ भलत्या जागी असण्याची शक्यता असते. याचे कारण यांत्रिक आहे. बांधून कापलेल्या नळीच्या पिशवीकडच्या टोकाला कधीकधी सुईच्या अग्राएवढे छिद्र पडते. त्यातून शुक्रजंतू पोटात येऊ शकतात, पण त्यांच्या कित्येक पट मोठे असलेले फलित बीज त्या वाटेने परत जाऊ शकत नाही आणि नळीच्या बाहेरच्या उरलेल्या तुकड्यातच रुजते. अशा स्त्रीची पाळी चुकली की घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल, वय झाले असेल. ती स्वतः औषधाच्या दुकानातून 'पाळी यायच्या गोळ्या' आणवते. गोळ्यांनी पिशवीचे अस्तर सुटते, रक्तस्राव होतो आणि काम झाले असे सगळ्यांना वाटते. नळीतला गर्भ मात्र त्या गोळ्यांना दाद देत नाही. गर्भ पिशवीत आहे की नाही हे न पाहता गर्भपाताच्या गोळ्या विकणे किती धोक्याचे आहे, यावर मी याआधीही लिहिले आहे आणि पुन्हा लिहायची वेळ येणार, हेही मला माहीत आहे.

इतिहासात फार रेंगाळत नाही, पण दोन-चार गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. १८८३ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे लॉसन टेट यांनी फुटलेली नळी पोट उघडून काढली आणि तोपर्यंत बहुधा मृत्यूच पदरी येणाऱ्या या आजारात रुग्ण वाचवण्याचा मार्ग सापडला. पुढे जवळजवळ शंभर वर्षे पोट उघडणे हाच उपाय राहिला. नळीतला गर्भ दुर्बिणीतून काढण्याचे प्रयोग १९७०च्या दशकात सुरू झाले आणि फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे ब्रुआ व मान्हेस यांनी १९८०च्या सुमारास नळी न काढता केवळ तिला छेद देऊन गर्भ बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. आपल्याकडे सर्जन मंडळींच्या हाती दुर्बीण खऱ्या अर्थाने आली ती १९९० नंतर, जेव्हा मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी पित्ताशय दुर्बिणीतून काढले. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या हाती ती त्याआधीच आलेली होती, कारण नसबंदीच्या शिबिरांतून ती तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली होती. दुर्बिणीने नळ्या बंद केल्या आणि पुढे त्याच नळ्यांत राहिलेले गर्भ दुर्बिणीनेच काढायची वेळ आली, हा योगायोग मला नेहमीच विचित्र वाटत आला आहे.

आता चिकटपणाकडे वळते. पोट उघडले, हाताळले, पुसले की आतल्या नाजूक आवरणाला जखम होते, ती भरताना तंतू तयार होतात आणि चरबीची चादर म्हणजे ओमेंटम, कधी आतडी, कधी गर्भपिशवी त्या जखमेला येऊन चिकटते. कोणत्या टाक्याने बेंबीपाशी किती चिकटपणा होतो, याचा अभ्यास ओडेबेर आणि गोमेल यांनी २००० साली प्रसिद्ध केला. ज्यांची आधी एकही शस्त्रक्रिया नव्हती त्यांच्यात बेंबीपाशी चिकटपणा एक टक्क्याहूनही कमी होता; आधी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्यांत दीड टक्क्याच्या आसपास; ओटीपोटावर आडवा टाका असलेल्यांत सुमारे २० टक्के; आणि उभा टाका असलेल्यांत ५० टक्क्यांहून थोडा अधिक. हे आकडे मी नातेवाइकांना सांगत नाही, पण रुग्णाला टेबलावर घेण्याआधी स्वतःला जरूर आठवून देते, कारण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरायची पहिली सुई सहसा बेंबीतूनच टाकली जाते आणि बेंबीखालच्या उभ्या टाक्यात ती अर्ध्या वेळा चिकटलेल्या भागावर जाऊन पडू शकते. मोठ्या रक्तवाहिनीला किंवा आतड्याला होणाऱ्या इजा एकंदरीत फार कमी आहेत. ब्रिटनच्या प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शिकेत दर १०,००० शस्त्रक्रियांमागे आतड्याच्या सुमारे चार आणि मोठ्या रक्तवाहिनीच्या सुमारे दोन असे प्रमाण दिले आहे. पण त्यांतल्या बऱ्याचशा इजा पहिल्या सुईच्या किंवा पहिल्या नळकांड्याच्या, म्हणजे दुर्बीण व साधने आत नेणाऱ्या पोकळ नळीच्या वेळीच होतात, म्हणजे शस्त्रक्रिया सुरू होण्याच्याही आधी.

बाहेरचा टाका आतले सगळे सांगतो असेही नाही. सुबक आडव्या टाक्याखाली गर्भपिशवी पोटाच्या भिंतीला पूर्ण चिकटलेली मी पाहिली आहे आणि ओबडधोबड उभ्या टाक्याखाली आतले सारे मोकळे असलेलेही पाहिले आहे. क्षयाच्या रुग्णात तर पोटावर एकही टाका नसताना आत आतडी, नळ्या आणि पिशवी यांचा एकच गोळा झालेला असतो. म्हणून टाका पाहण्याइतकेच महत्त्व मी विचारपूस आणि तपासणीला देते. आधीच्या शस्त्रक्रियेनंतर किती दिवस दवाखान्यात ठेवले होते, टाके पिकले होते का, रक्त चढवावे लागले होते का, पोट फुगले होते का, हे प्रश्न जुन्या कार्डापेक्षा उपयोगी पडतात, कारण कार्ड बहुधा सापडतच नाही. आतून तपासताना गर्भपिशवीचे तोंड नेहमीच्या जागी न लागता वर, आडव्या टाक्याच्या मागे ओढले गेलेले असेल, तर पिशवी पोटाच्या भिंतीला चिकटली आहे असे समजावे, मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांनी या खुणेकडे फार पूर्वी लक्ष वेधले आहे. सोनोग्राफी करणारा डॉक्टर तयार असेल, तर त्याला बेंबीपाशी प्रोब ठेवून रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगण्याची विनंती करावी. श्वासासरशी आतडी भिंतीखालून सरकताना दिसली तर ती जागा बहुधा मोकळी आहे. सरकली नाहीत तर तिथे सुई टाकू नये.

बेंबी टाळायची असेल तर दुसरी जागा कोणती, याचे उत्तर फ्रान्सच्या राऊल पामर यांनी देऊन ठेवले आहे. डाव्या बरगडीच्या कडेखाली सुमारे तीन सेंटिमीटर, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर ही जागा येते. ओटीपोटातल्या शस्त्रक्रियांचा चिकटपणा इतका वर सहसा पोहोचत नाही आणि बरगडीमुळे पोटाची भिंत ताणलेली राहते, त्यामुळे सुई टाकताना ती आत ढकलली जात नाही. मात्र तिथे जठर जवळ असते. म्हणून भूल दिल्यावर नाकातून नळी टाकून जठर रिकामे करून घेणे ही औपचारिकता नव्हे. तपासणीवर सुजलेली प्लीहा लागत असेल किंवा जठरावर आधी शस्त्रक्रिया झाली असेल, तर ही जागाही सोडावी लागते. मग बेंबीपाशीच छोटा छेद घेऊन, थर एकेक करून डोळ्यांनी पाहत पोटात शिरण्याची हॅसन यांची पद्धत उरते. तिने रक्तवाहिनीची इजा जवळजवळ टळते; चिकटलेले आतडे त्या पद्धतीतही दुखावू शकते, पण ते तिथल्या तिथे दिसते आणि लगेच शिवता येते, हा तिचा मोठा गुण आहे.

पोटात वायू भरणारी व्हेरेस सुई हे एक नवल आहे. हंगेरीच्या व्हेरेस या डॉक्टरांनी ती १९३०च्या दशकात क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी बनवली होती. तिच्या आतला बोथट भाग स्प्रिंगवर असतो. थर ओलांडताना तो मागे जातो आणि मोकळ्या जागेत येताच टक् करून पुढे येतो. तो आवाज आणि बोटांना लागणारा सूक्ष्म धक्का ओळखता येणे हे या कामातले पहिले शिक्षण. पण केवळ आवाजावर विसंबून राहू नये. वायू सुरू केल्यावर यंत्रावरचा दाब १० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली राहतो की एकदम वर चढतो, हे अधिक विश्वासार्ह आहे. पहिले नळकांडे टाकण्यापुरता हा दाब २० ते २५पर्यंत वाढवायचा, म्हणजे भिंत आणि आतडी यांच्यात पुरेसे अंतर पडते. नळकांडे आत गेले की तो १२ ते १५वर आणायचा. तोवर टेबल सपाट ठेवायचे. डोके खाली करण्याची घाई केली की मोठ्या रक्तवाहिन्या बेंबीच्या सुईच्या वाटेत येतात.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक शस्त्रक्रिया सांगते. तिशीतली स्त्री, दोन सिझर, दुसऱ्या सिझरच्या वेळी नळ्या बांधलेल्या. पाळी चुकून दोन आठवडे झालेले, उजवीकडे दुखणे, मधूनमधून अंगावरून जाणे. गावच्या दवाखान्यात पित्ताचे इंजेक्शन देऊन परत पाठवलेले. आली तेव्हा नाडी शंभरच्या थोडी वर, रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन साडेआठच्या आसपास. लघवीची चाचणी होकारार्थी, सोनोग्राफीत पिशवी रिकामी, उजव्या बाजूला गोळा आणि पिशवीच्या मागे बऱ्यापैकी रक्त. आमचे भूलतज्ज्ञ म्हणाले, "आत्ता बीपी धरून आहे, पण तासाभराने असेलच असं नाही." रक्ताच्या दोन पिशव्या हाताशी आल्या, पोट उघडण्याची साधने टेबलाशेजारी मांडून ठेवली आणि मगच भूल दिली.

बरगडीखालून पाच मिलिमीटरची दुर्बीण आत गेली तेव्हा बेंबीपासून आडव्या टाक्यापर्यंत ओमेंटम पडद्यासारखे लटकत होते. बेंबीतून सुई टाकली असती तर ती त्यातच गेली असती. डाव्या कडेला मात्र एक खिडकी मोकळी होती. तिथून डोळ्यांसमोर दुसरे नळकांडे घातले, कात्री आत घेतली आणि पोटाच्या भिंतीलगत, ओमेंटमच्या अंगाला न जाता, तो पडदा सोडवायला सुरुवात केली. आतड्याच्या आसपास विजेचे साधन वापरायचे नाही, थंड कात्रीच वापरायची, कारण विजेची आच डोळ्यांना दिसते त्याच्या पलीकडे पसरते आणि आतड्याला भाजल्याची खूण चार-पाच दिवसांनी भोक पडल्यावरच कळते. पडदा अर्धा सुटला तेव्हा खाली काळपट रक्ताच्या गाठी आणि त्यांच्यामागे निळी-जांभळी, फुगलेली नळी दिसली. गर्भपिशवी पुढच्या भिंतीला चिकटलेली होती, मूत्राशय वर ओढला गेला होता. ते सारे सोडवण्याचा मोह होतो, विशेषतः समोर शिकाऊ डॉक्टर पाहत असतील तर जास्तच. तो टाळायचा. ज्या आजारासाठी आत आलो, त्याच्यापर्यंत पोहोचण्यापुरताच चिकटपणा सोडवावा. उरलेल्याने तिला आजवर काही त्रास झाला नव्हता आणि तो सोडवताना मूत्राशय किंवा आतडे फाटले तर तिला नवीनच दुखणे लागले असते. मूत्राशय वर असल्यामुळे ओटीपोटाच्या मध्यभागी नळकांडे टाकणेही आम्ही टाळले.

नळी काढताना तिच्या खालचे रक्तवाहिन्यांचे पापुद्रे नळीच्या अगदी कडेने जाळून कापायचे, म्हणजे बीजकोशाचा रक्तपुरवठा शाबूत राहतो. कापलेली नळी प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालूनच बाहेर काढायची. तिचे तुकडे पोटात सांडले तर गर्भाच्या पेशी कुठेतरी पुन्हा रुजू शकतात. या स्त्रीची डावी उरलेली नळीही तिच्या पूर्वसंमतीने काढली, कारण पुन्हा मूल तिला नको होते आणि तोच प्रकार दुसऱ्या बाजूला होऊ शकला असता. ही संमती भूल देण्याआधी घ्यायची असते. धावपळीत ती राहून जाते आणि मग टेबलावर निर्णय घेता येत नाही.

ज्यांना पुन्हा मूल हवे असते त्यांच्या बाबतीत नळी काढायची की छेद देऊन गर्भ काढायचा, हा प्रश्न उरतो. दुसरी नळी निरोगी असलेल्या ४४६ स्त्रियांवर झालेली आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेली युरोपीय चाचणी इथे मार्गदर्शक ठरते. नळी ठेवलेल्यांपैकी ६०.७ टक्के आणि काढलेल्यांपैकी ५६.२ टक्के स्त्रियांना तीन वर्षांत नैसर्गिकरीत्या गर्भधारणा झाली, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. उलट नळी ठेवलेल्यांत गर्भाच्या पेशी मागे राहण्याचे प्रमाण जास्त होते. म्हणून दुसरी नळी चांगली असेल तर मी नळी काढते. आधीच्या शस्त्रक्रियेत एक नळी गेलेली असेल किंवा दुसरी पूर्ण चिकटलेली दिसली, तर मात्र आहे ती नळी वाचवण्याचा विचार करावा लागतो आणि नंतर रक्तातील बीटा एचसीजी, म्हणजे गर्भाच्या पेशींतून येणारे संप्रेरक, शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला तपासणी करावी लागते. लांबून येणाऱ्या, रोजगार बुडवून येणाऱ्या स्त्रीला हे जमेल का, हाही त्या निर्णयाचाच भाग आहे. पाठ्यपुस्तकात हे वाक्य नसते.

पोट केव्हा उघडावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. रुग्ण शॉकमध्ये असेल, रक्तदाब औषधांनीही धरत नसेल, तर पोटात वायू भरणे आणि डोके खाली करणे तिच्या हृदयाला परवडणारे नसते. वायूच्या दाबाने हृदयाकडे परतणारे रक्त आणखी कमी होते. अशा वेळी सर्वांत लवकर रक्तस्राव थांबवणारा मार्ग तोच योग्य मार्ग, आणि जिथे रात्री एकच सहायक आणि एकच भूलतज्ज्ञ असतो तिथे तो बहुधा आडवा किंवा उभा छेद असतो. तरुण स्त्रीचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून मी रक्तदाबापेक्षा नाडीवर जास्त नजर ठेवते. दुर्बिणीने सुरुवात करून चिकटपणा फार आढळला, किंवा रक्तामुळे काही दिसेनासे झाले, तर पोट उघडावे. त्याला अपयश म्हणणारे सहकारी मला भेटतात. मी त्यांना एवढेच विचारते, की आतडे फाटल्यावर पोट उघडणे चालते, तर ते फाटण्याआधी उघडणे का चालू नये? मात्र स्थिर रुग्णात केवळ जुन्या टाक्याकडे पाहून पोट उघडले जाते, तेव्हा तिला आणखी एक मोठी जखम, आणखी रक्तस्राव आणि आणखी चिकटपणा मिळतो. स्वीडनच्या लुंडोर्फ आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवून दिले होते, की नळीतल्या गर्भासाठी दुर्बिणीने शस्त्रक्रिया केलेल्यांत नंतरचा चिकटपणा पोट उघडलेल्यांपेक्षा कमी असतो. जिच्या पोटात आधीच चिकटपणा आहे तिच्यासाठी हा मुद्दा अधिक मोलाचा आहे.

शस्त्रक्रियाच टाळता येईल का, हेही पाहायला हवे. नळी फुटलेली नसेल, पोटात रक्त नसेल, गोळा साडेतीन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, गर्भाचे ठोके नसतील आणि बीटा एचसीजी फार वाढलेले नसेल, तर मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन देऊन गर्भ जिरवता येतो. शरीराच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम असा डोस असतो आणि चौथ्या ते सातव्या दिवसात एचसीजी १५ टक्क्यांनी उतरले तर औषध लागू पडले असे मानतात. अनेक शस्त्रक्रिया झालेल्या, पोटात शिरणे जोखमीचे असलेल्या स्त्रीसाठी हा पर्याय मी अधिक आग्रहाने मांडते, पण एका अटीवर: ती दवाखान्यापासून तासाभराच्या आत राहत असावी आणि रात्री तिला आणायला कोणीतरी असावे. औषध चालू असतानाही नळी फुटू शकते. सिझरच्या जुन्या व्रणातच गर्भ रुजणे हा तर वेगळाच प्रकार आहे. त्याची हाताळणी, धोके आणि शस्त्रक्रिया निराळ्या असल्याने त्यावर स्वतंत्रपणे लिहीन. इथे एवढेच, की त्याला नळीतला गर्भ समजून घाईने पिशवी साफ करायला घेऊ नये.

शस्त्रक्रियेनंतरचे दोन दिवस नातेवाइकांना सोपे वाटतात. टाके छोटे, रुग्ण संध्याकाळी चहा घेते, दुसऱ्या दिवशी चालते. खांदा दुखतो, तो राहिलेल्या वायूमुळे, आणि एक-दोन दिवसांत थांबतो. पण ज्यांचा चिकटपणा सोडवला आहे त्यांना मी एक गोष्ट निक्षून सांगते: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस रोज कालच्यापेक्षा बरा व्हायला हवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे वाढले, पोट फुगले, ताप आला, उलट्या सुरू झाल्या, तर 'गॅस झाला असेल' म्हणून घरी थांबू नये, आणि जवळच्या डॉक्टरांनीही नुसते दुखण्याचे इंजेक्शन देऊन परत पाठवू नये. आतड्याची न कळलेली इजा अशीच समोर येते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन विसरायचे नाही, आणि हे मी परिचारिकेच्या फळ्यावरच लिहून ठेवते.

डिस्चार्ज कार्डावर 'दुर्बिणीतून उजवी नळी काढली' एवढेच लिहून भागत नाही. सुई कुठून टाकली, बेंबीपाशी काय होते, ओमेंटम किती सोडवले, पिशवी व मूत्राशय कुठे चिकटलेले आहेत, दुसरी नळी कशी दिसली, हे चार ओळींत मराठीत आणि इंग्रजीत लिहावे, आणि त्या पानाचा फोटो रुग्णाच्या व नवऱ्याच्या मोबाइलमध्ये काढून ठेवायला लावावा. पित्ताशयासाठी, हर्नियासाठी किंवा पिशवी काढण्यासाठी उद्या कोणीतरी पुन्हा त्या पोटात शिरणार असते. ज्यांची एखादी नळी शिल्लक आहे आणि ज्यांना मूल हवे आहे, त्यांना सांगायचे ते असे: एकदा नळीत गर्भ राहिलेल्या साधारण दहांपैकी एकीला पुढच्या वेळी पुन्हा तसेच होऊ शकते. म्हणून पाळी चुकताच घरी चाचणी करावी, आणि ती होकारार्थी आली तर पोट दुखो वा न दुखो, सहाव्या आठवड्याच्या सुमारास योनीमार्गातून सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे याची खात्री करून घ्यावी. त्याआधी दुखू लागले, चक्कर आली किंवा खांदा दुखला, तर सहाव्या आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी यावे.